बाई, तुम्ही फळ्यापाशीच बऱ्या?

आज सकाळी आमच्या गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एका निवृत्त शिक्षिकेने जिल्हा परिषदेला उभे राहण्याचा विचार बोलून दाखवला आणि पाचच मिनिटांत एका महाशयांचे उत्तर आले, 'बाई, तुम्ही फळ्यापाशीच बऱ्या.' त्याखाली हसऱ्या चेहऱ्यांची रांग लागली, आणि त्यात बाईंच्याच हाताखाली पाढे शिकलेले चारपाच जण होते.

माझे वडील दापोली तालुक्यात गणित शिकवीत. निवृत्तीनंतर ते ग्रामपंचायतीला उभे राहिले तेव्हा त्यांनीही हेच ऐकून घेतले आणि अकरा मतांनी पडले. त्यानंतर एका संध्याकाळी त्यांनी पंचायतीचे अंदाजपत्रक मागवून घेतले, ओसरीवर बसून लाल शाईने बेरजा तपासल्या आणि पाणीपट्टीच्या रकमेसमोर समासात लिहिले, 'हातचा विसरला. पुन्हा सोडवा.'

त्याच तालुक्यातल्या मुर्डीचे रँग्लर परांजपे हे वडिलांचे दैवत. 1899 साली केंब्रिजच्या गणिताच्या परीक्षेत पहिल्या क्रमांकाचा मान मिळवणारा माणूस पुण्याला परत येऊन फर्ग्युसनमध्ये शिकवतो, तिथला प्राचार्य होतो, तिथून मुंबईच्या कायदेमंडळात जातो आणि 1921 मध्ये इलाख्याचा शिक्षणमंत्री होतो. फळ्यापाशीच बरे होते का ते? इंग्रजांच्या त्या द्विदल राज्यपद्धतीत, म्हणजे मंत्री आणि गव्हर्नर यांच्यात खाती वाटून दिलेल्या कारभारात, शिक्षण हे सोपीव खाते मंत्र्याच्या हाती असे, पण अर्थखाते राखीव, म्हणजे तिजोरीची किल्ली गव्हर्नरच्या कार्यकारी मंडळाच्या कमरेला. अशा अडचणीत त्यांच्या मंत्रिपदाच्या काळात 1923 चा प्राथमिक शिक्षण कायदा झाला, ज्याने शाळांचा कारभार स्थानिक संस्थांकडे सोपवला आणि सक्तीच्या शिक्षणाची वाट उघडली. आज जिल्हा परिषदेच्या शाळेवरून मते मागणाऱ्यांना हे ठाऊक असण्याची मी अपेक्षाही करत नाही. पैसा दुसऱ्याच्या हाती असताना गणित सोडवून दाखवायला मास्तरच लागतो. हातचा कुठे गेला हे त्यालाच दिसते.

पुढे 1944 ते 1947 परांजपे ऑस्ट्रेलियात हिंदुस्थानचे हायकमिशनर होते. गोरे नसलेल्यांना देशात वसू द्यायचे नाही असे धोरण उघडपणे चालवणाऱ्या त्या देशात, स्वतः अजून पारतंत्र्यात असलेल्या देशाची बाजू मांडायला कोकणातला एक मास्तर बसला होता. न ऐकणाऱ्या वर्गासमोर आवाज न चढवता उभे राहण्याची सवय तिथे किती कामी आली असेल, ते वर्गावर गेलेल्या माणसाला सांगावे लागत नाही.

ते मवाळ होते, असहकाराला त्यांचा विरोध होता, 'सर' ही पदवी त्यांनी घेतली आणि ते हायकमिशनरपदही इंग्रज सरकारनेच दिले होते, हे मान्य. वडिलांनाही ते खुपत असे. प्रत्येक शिक्षक चांगला पुढारी होतो असेही नाही. आमच्या वडिलांना तर मत मागताना समोरच्याचे व्याकरण सुधारल्याशिवाय राहवत नसे.

पण संताप येतो तो दुटप्पीपणाचा. राज्यघटनेच्या 171 व्या कलमाने विधान परिषदेच्या एक-द्वादशांश जागा शिक्षकांच्या मतांवर ठेवल्या. आपल्याकडे 78 पैकी 7. मात्र तिथे निवडून येणारा स्वतः शिक्षक असलाच पाहिजे अशी अट नाही. मतांपुरता मास्तर चालतो, मतदारयाद्यांसाठी आणि जनगणनेसाठी उन्हातान्हात दारोदार फिरायलाही चालतो, आणि उमेदवारीचे नाव काढले की फळा आठवतो!

एवढे लिहून झाल्यावर राग थोडा उतरला, म्हणून वडिलांचे जुने कपाट उघडले. ते अंदाजपत्रक अजून आहे. शाई तपकिरी झाली आहे. निकालाच्या दुसऱ्या महिन्यात, त्यांना पाडणारा उमेदवारच आपल्या मुलाला घेऊन शिकवणीसाठी ओसरीवर आला होता आणि वडिलांनी त्याला हातच्याच्या बेरजांपासून सुरुवात करून दिली होती.

मघाशी बाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, 'अर्ज भरायचा आहे रे, पण मालमत्तेच्या प्रतिज्ञापत्राच्या बेरजा एकदा कोणीतरी तपासून द्यायला हव्यात.' उद्या संध्याकाळी लाल पेन घेऊन जातो आहे.