कॅपग्रास भ्रम म्हणजे विस्मरण नव्हे
‘ही माझी बायको नव्हे, तिच्यासारखी दिसणारी दुसरीच कोणी आहे’ असे म्हणणारा रुग्ण चेहरे विसरलेला असतो, त्याला रोज जुने फोटो दाखवावेत, असा मजकूर सध्या फिरत आहे. तो चुकीचा आहे. फ्रेंच मनोविकारतज्ज्ञ जोसेफ कॅपग्रास यांनी १९२३ मध्ये सहकाऱ्यासह वर्णन केलेल्या या भ्रमात चेहरा ओळखू येतो. मात्र आपले माणूस समोर आल्यावर मनात उमटणारी आपलेपणाची भावना उमटत नाही, असे आज मानले जाते. म्हणूनच काही रुग्णांना तीच व्यक्ती फोनवर बोलली की खरी वाटते. फोटो पुढे करून हुज्जत घातल्यास संशय बळावू शकतो, प्रसंगी घरच्यांवर हातही उगारला जातो. स्किझोफ्रेनिया, डिमेन्शिया, डोक्याला झालेली इजा यांपैकी मूळ कारण कोणते, हे मनोविकारतज्ज्ञांकडूनच तपासून घ्यावे.