एंटरप्राइजची रोषणाई

अंतराळयान बांधणे हे काम समजले जाते तेवढे अवघड नाही. सुटे भाग क्रमांक घालूनच आलेले असतात, कुठला भाग कुठे बसवायचा याचा नकाशा सोबत असतो, आणि ज्याने लहानपणी दिवाळीत अंगणात मातीचा किल्ला करून त्यावर मावळे उभे केले आहेत, अशा कोणत्याही बेळगावकराला असल्या कामाची भीती वाटत नाही. अवघड असते ते त्या यानात दिवे लावणे. किंबहुना दिवे लावणेही नव्हे, तर लावलेला उजेड नको तिथून बाहेर पडू न देणे. या एका उद्योगात माझा अख्खा पावसाळा गेला आणि घरातले जेवणाचे टेबल गणेशचतुर्थीपर्यंत जेवणाच्या कामी आले नाही.

यान म्हणजे १९६६ साली अमेरिकेत सुरू झालेल्या ‘स्टार ट्रेक’ मालिकेतले एंटरप्राइज. पुढे एक मोठी तबकडी, तिच्या मानेखाली सिगारसारखे पोट, आणि पाठीवर दोन खांबांवर तोललेली दोन लांब नळकांडी, म्हणजे इंजिने. कथेतले यान २८९ मीटर लांबीचे आहे. मी मागवलेली प्रतिकृती एकास साडेतीनशे या प्रमाणातली, म्हणजे साडेब्याऐंशी सेंटिमीटर भरते. हे गणित मी खोके मागवण्यापूर्वी केले होते, परंतु ते पत्नीला सांगण्याची वेळ खोके आल्यावरच आली. परदेशातून आलेल्या त्या खोक्यावर शुल्क किती पडले हे तिने विचारले, तेव्हा ही लघुप्रतिकृती आहे, खेळणे नव्हे, असा मुद्दा मी मांडून पाहिला. दुर्दैवाने सीमाशुल्काच्या यादीत खेळणी आणि लघुप्रतिकृती ९५०३ या एकाच शीर्षकाखाली नांदतात, आणि खेळण्यांवरचे मूळ शुल्क २०२३ च्या अर्थसंकल्पाने साठवरून सत्तर टक्क्यांवर नेऊन ठेवलेले आहे. “म्हणजे सरकारसुद्धा याला खेळणंच म्हणतं की,” एवढे बोलून तिने पावती माझ्या हातात दिली. केंद्र सरकार आणि पत्नी यांचे एकमत झाल्यावर सामान्य माणसाने काय बोलावे?

आता उजेडाविषयी. या प्रतिकृती पॉलिस्टायरीनच्या असतात आणि त्यांच्या भिंती जेमतेम दोन मिलिमीटर जाडीच्या. अशा तबकडीत एक पांढरा एलईडी पेटवून खोलीतला दिवा घालवला, की पेटवलेली बॅटरी तळहातामागे धरल्यावर बोटे जशी आतून तांबूस उजळतात, तशी सबंध तबकडी उजळते. खिडक्या तेवढ्या दिसायला हव्यात, तर खिडक्या सोडून सगळे दिसते. त्यामुळे अंतराळयानाचा रंग बाहेरून नव्हे, आतून सुरू होतो: प्रथम काळा रंग, उजेड अडवण्यासाठी, त्यावर पांढरा, अडलेला उजेड आतल्या आत खेळावा म्हणून. काळा वाळल्याशिवाय पांढरा देता येत नाही, आणि पांढरा वाळल्याशिवाय कुठे फट राहिली ते कळत नाही.

या सगळ्या विधीत ‘वाळणे’ हे क्रियापद किती वेळा येते, हे नकाशा छापणाऱ्याच्या ध्यानात आले नसावे, कारण त्याने आषाढातले बेळगाव पाहिलेले नाही. आमच्याकडे पाऊस पडत नाही, तो मुक्कामाला येतो. आंबोलीच्या बाजूने ढग येतात ते उंबऱ्यापर्यंत येतात; दोरीवरचे बनियन तीन दिवसांनी काढले तर ते वाळलेले नसते, फक्त थकलेले असते. स्प्रेच्या रंगातला द्रव झपाट्याने उडतो, उडताना पृष्ठभाग गार करतो, आणि हवेतली वाफ त्या गार पृष्ठभागावर जमून ओल्या रंगावर दुधाळ साय धरते. कोरड्या प्रदेशातल्या छंदिष्टांना हे वाचून माहीत असते, आम्हाला डोळ्यांनी बघून. शेवटी जुन्या लाकडी कपाटात साठ वॅटचा बल्ब लावून मी उबदार जागा केली आणि आत तबकडीचे दोन अर्ध मांडले. दुसऱ्या दिवशी पाहतो तर वरच्या कप्प्यात सादळलेले पापड, मधल्या कप्प्यात सांडगे, आणि अंतराळयान तळाशी. आईने कपाटातली ऊब हेरली होती. “एवढा बल्ब जळतोय, तर वाया कशाला घालवायचा?” या प्रश्नाला उत्तर नव्हते. एंटरप्राइजच्या पोटातून अजूनही हिंगाचा मंद वास येतो.

पोटाचा भाग व्हरांड्यात उजेडासमोर धरून फटी शोधत होतो, तेव्हा शेजारचे सुभेदार काका आले. ते मराठा लाइट इन्फंट्रीतून निवृत्त झाले असून गल्लीतल्या प्रत्येक कामाची पाहणी करणे हे आपले कर्तव्य समजतात. “काय करूलास गा हे?” असे म्हणून त्यांनी चष्मा कपाळावरून खाली घेतला आणि पाण्यात भिजवून चिकटवायच्या अक्षरांचा कागद उचलला. त्यावर मोठ्या अक्षरांत एनसीसी १७०१ असे होते.

“एनसीसीचं विमान होय? एअर विंगचं?”

मी त्यांना सांगितले, की हे यान कागदावर उतरवणारे मॅट जेफ्रीज स्वतः वैमानिक होते, अमेरिकेत पूर्वी मुलकी विमानांच्या क्रमांकाची सुरुवात एनसी या अक्षरांनी होत असे, त्यातून हे अक्षरगट आले. आणि १७०१ हा आकडा घेतला तो अशासाठी, की ३, ६, ८, ९ हे आकडे पडद्यावर चटकन ओळखू येत नाहीत. शेवटचा मुद्दा सुभेदारांना पटला. लांबून ओळखू येणारा क्रमांक असावा हे लष्करी शहाणपण होते. “पण पासिंग कुठलं मग? आपलं बेळगावचं केए बावीस नव्हे,” एवढी एक शंका त्यांनी काढलीच. त्यानंतर तबकडीवरचे इंग्रजी नाव वाचून आवाज खाली आणत ते म्हणाले, “पाटीवर साठ टक्के कन्नड लागतंय आता. तुझं हे यान धंद्याचं नव्हे ना?” नव्हे म्हटल्यावर त्यांचा जीव भांड्यात पडला. गावातल्या पाट्यांवरून काय काय झालेले आहे, हे बेळगावात कुणाला समजावून सांगावे लागत नाही.

विजेचे गणित मात्र सरळ आहे, आणि मला वाटते या सबंध प्रकरणात तेवढेच सरळ होते. बारा व्होल्टचा ॲडॅप्टर. पांढऱ्या एलईडीला सुमारे तीन व्होल्ट लागतात, म्हणून तीन एलईडी एकापुढे एक जोडले की नऊ व्होल्ट गेले. उरलेल्या तिनाची वासलात रेझिस्टरने लावायची. वीस मिलिअँपिअर हवे असतील तर १५० ओहम पुरतो. पण तेवढा उजेड खिडकीतून आला, तर आत माणसे राहतात असे न वाटता वेल्डिंग चालले आहे असे वाटते. म्हणून वीज आणखी अडवणारे, ४७० ओहमचे रेझिस्टर आणायला मी बाजारात गेलो. “एष्टु बेकु री?” दुकानदाराने विचारले. मी दहा मागितले, त्याने शंभरांचे पाकीट पुढे सरकवले, कारण दहा मोजून देण्यात जाणारा त्याचा वेळ त्या दहांहून महाग होता. उरलेले नव्वद आजही घरात आहेत.

मंद उजेडाचा हा विचार मिस्त्रींना मुळीच मान्य नव्हता. मिस्त्री म्हणजे आमच्या भागात शिवजयंतीच्या चित्ररथांची आणि गणपतीच्या मंडपांची रोषणाई करणारे गृहस्थ. त्यांना सुभेदारांनी परस्पर बोलावून आणले होते. त्यांनी माझी वायरिंग पाहिली, जोड ओढून पाहिले, सोल्डर ठीक आहे अशी मान हलवली आणि म्हणाले, “साहेब, एवढ्या उजेडात बाप्पाचा उंदीरसुद्धा दिसायचा नाही.” अंतराळात अंधार असतो आणि खिडक्या लहान असतात, हे मी सांगितले. “मग लोकांनी बघायचं काय?” असे त्यांनी विचारले. रोषणाई बघण्यासाठी असते, ती अडवण्यासाठी हा माणूस महिनाभर रंग देतो आहे, ही गोष्ट त्यांना माझ्या प्रकृतीविषयी काळजी वाटावी अशी वाटली.

परंतु इंजिनांच्या बाबतीत मला त्यांचे पाय धरावे लागले. नळकांड्यांच्या पुढच्या टोकांना नारिंगी घुमट असतात आणि आत काहीतरी गरगरत असल्याचा भास व्हावा लागतो. त्यासाठी विजेची तयार सर्किटे विकत मिळतात, त्यांच्या किमतीत आमच्याकडे एक लहानसे मखर होते. मिस्त्रींनी खिशातून एक पट्टी काढली: त्यावर ५५५ नावाची ठोके देणारी चिप, तिच्या शेजारी ४०१७ नावाची मोजणारी चिप, आणि तिच्या दहा वाटांवर दहा दिवे, एक विझला की पुढचा लागणारे. देवामागे फिरणारे चक्र म्हणून ते हीच पट्टी वर्षानुवर्षे बसवत आले आहेत. गोल कापून ती घुमटात घातली, वर दुधी रंगाचा पातळ हात दिला, वेग थोडा वाढवला, आणि गणपतीमागचे चक्र प्रकाशाहून वेगवान इंजिन झाले. मालिकेसाठी केलेल्या अकरा फुटी मूळ प्रतिकृतीतही नाताळच्या झाडावरचे लुकलुकणारे बल्ब, आरशाचे तुकडे आणि मोटरवर फिरणारी पाती बसवली होती, हे मी मोठ्या मनाने सांगून टाकले. “म्हणजे त्यांनी मंडपवालाच आणला होता की!” मिस्त्री म्हणाले. सोबत संगीताची चकतीही फुकट जोडून देण्याची त्यांची तयारी होती. ती मी नाकारली तेव्हा त्यांना वाईट वाटले.

खिडक्यांची कथा थोडक्यात सांगतो, कारण ती आठवली की डोळे चुरचुरतात. यानाच्या कडेला पुष्कळ बारीक भोके पाडावी लागतात. अर्ध्या मिलिमीटरचा ड्रिल सुभेदारांच्या भाच्याने उद्यमबागेतल्या कारखान्यांच्या वसाहतीतून आणून दिला, तोही हा ड्रिल लोखंडाचा आहे, प्लास्टिकला लावून त्याचा अपमान करू नका, अशा समजुतीच्या शब्दांसह. (हत्तरगीला खऱ्या विमानांचे भाग तयार होतात, इतक्या जवळ राहून मी डोळ्याला भिंग लावून खोट्या यानाला भोके पाडतो, हेही त्याने सुचवले.) भोकांत सुतारकामाचा पांढरा गोंद सुईच्या टोकाने भरायचा, म्हणजे वाळल्यावर त्याची काच होते. झटपट चिकटणारा गोंद चालत नाही, त्याच्या वाफेने पारदर्शक भागांवर पांढरी बुरशी आल्यासारखे डाग धरतात. पांढऱ्या गोंदाची काच व्हायला कोरडी हवा लागते. तेव्हा पुन्हा कपाट, पुन्हा सांडग्यांची हकालपट्टी, आणि आईशी वाटाघाटी.

सगळ्या वायरी पोटातून उभ्या दांड्यात उतरवून दोन्ही अर्ध चिकटवले. एकदा हे मिटले की यान पुन्हा उघडत नाही. त्या संध्याकाळी उद्घाटनाला सुभेदार, मिस्त्री, भाचा आणि मंडळाची चार मुले जमली, पत्नीने बशीत कुंदा ठेवला, मी ॲडॅप्टर लावला, आणि गल्लीतली वीज गेली. कुणालाही आश्चर्य वाटले नाही. बाराच व्होल्ट लागतात एवढे ऐकताच सुभेदार उठले, आपली स्कूटर थेट पायरीपाशी घेतली, मिस्त्रींनी तिच्या बॅटरीला दोन चिमटे लावले, आणि संपूर्ण काळोखात एंटरप्राइज उजळले. तबकडी काळी राहिली, खिडक्या टिपक्याटिपक्यांनी दिसल्या, दोन्ही चक्रे फिरू लागली. सुभेदारांनी सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेताने सांगितले, “आता पासिंग बावीसचं झालं.”

एकच गोष्ट राहिली. जहाजांप्रमाणे या यानालाही उजवीकडे हिरवा आणि डावीकडे लाल दिवा असतो. हिरवा लागला, लाल लागला नाही. आधीच्या प्रत्येक चाचणीत तो लागत होता. मिस्त्रींनी वायर हलवून पाहिली, यानावर कान ठेवून पाहिला, आणि फोडावे लागेल असे निदान केले. फोडायचे नाही यावर मात्र पत्नीसह सर्वांचे एकमत झाले. शिवाय मला भक्कम पूर्वाधार होता: मूळ अकरा फुटी प्रतिकृतीच्या वायरीही डाव्या अंगाने बाहेर काढलेल्या होत्या, त्यामुळे ती बाजू धड पुरी केलेलीच नव्हती आणि चित्रीकरण उजव्या बाजूनेच होत असे, डावी बाजू हवीच असली तर अंक उलटे चिकटवून, उजवीकडूनच चित्रीकरण करून, फिल्म उलटी छापण्यापर्यंत त्यांची मजल गेली होती. तीच प्रतिकृती आज वॉशिंग्टनच्या हवाई व अंतराळ संग्रहालयात मानाने ठेवलेली आहे. म्हणून मीही यान दिवाणखाना आणि माजघर यांच्या मधल्या शोकेसवर असे ठेवले, की पाहुण्यांना उजवी बाजूच दिसावी.

माजघराच्या बाजूला आईची खुर्ची आहे. पाहुणे यानाची स्तुती करू लागले, की तिकडून खणखणीत आवाज येतो: “एक दिवा लागत नाही त्याचा, इकडून या, दाखवते.”