टर्बोने डिझेल वाचतं? जुन्या बोटवाल्यांसाठी खुलासा
"जुन्या इंजिनाला टर्बो जोडा, डिझेल तेवढंच, ताकद जास्त" असा निरोप हर्णैपासून मालवणपर्यंत फिरतोय. तो चुकीचा आहे. टर्बो म्हणजे इंजिनाच्या धुराच्या जोरावर फिरणारा पंखा; तो फक्त जास्त हवा आत कोंबतो. ताकद वाढवायची तर डिझेलही वाढवावंच लागतं. खोल पाण्यात इंजिन जाम झालं तर माणसं अडकतात, म्हणून कळकळीने सांगतोय: टर्बो लावण्याआधी प्रत्येक सिलिंडरचं कॉम्प्रेशन, म्हणजे आत हवा किती दाबली जाते ते, मोजा. पिस्टनच्या रिंगा (दाब वर धरून ठेवणारी कडी) झिजल्या असतील तर वाढलेला दाब ऑइल चेंबरमध्ये उतरतो आणि ब्रेदरमधून (त्या चेंबरची हवा सोडणाऱ्या नळीतून) ऑइल बाहेर येतं. ऑइलचा दाब तर बघाच. छोट्या टर्बोचा शाफ्ट मिनिटाला १ लाखाहून जास्त फेरे घेतो, तोही ऑइलच्या पातळ थरावर. इंजिन थंड ठेवणाऱ्या कूलरच्या नळ्यांतले क्षारही काढून घ्या. उष्णता वाढणार आहे.