दाढेतले दिवस आणि दहावीचं पुस्तक

कोविडनंतर मुलांवरचा भार कमी करायचा म्हणून एनसीईआरटीने दहावीच्या विज्ञानातून उत्क्रांतीचा भाग वगळला. २०२३ मध्ये १८००हून अधिक शास्त्रज्ञ-शिक्षकांनी पत्र लिहून विरोध केला, तेव्हा सरकारकडून उत्तर आलं, की ज्यांना हवं ते बारावीच्या जीवशास्त्रात शिकतील. फोनवर बोलताना घरचे बरेच जण या उत्तराला मान डोलावतात. मी इंग्लंडमध्ये दंतवैद्यक करते. मला ते अजिबात पटत नाही, आणि त्याचं कारण दातांतच आहे.

लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात ख्रिस्तोफर डीन हे शरीररचनाशास्त्राचे प्राध्यापक होते. दात वाढतो कसा आणि किती दिवसांत, या एका प्रश्नामागे त्यांनी कित्येक दशकं घालवली. इनॅमल म्हणजे दातावरचं कठीण कवच; ते घडवणाऱ्या पेशी रोज अगदी पातळ थर घालतात आणि त्या दिवसाची रेघ मागे राहते. माणसात बहुधा सात ते नऊ दिवसांनी एक ठळक रेघ पडते, तिला रेट्झियसची रेषा म्हणतात. दुधाच्या दातांत जन्माचीसुद्धा रेघ सापडते. इनॅमल एकदा घडलं की हाडासारखं पुन्हा नवं होत नाही, म्हणून लाखो वर्षांनीही या रेघा मोजता येतात.

१९८५ मध्ये टिमोथी ब्रोमेज आणि डीन यांनी आफ्रिकेतल्या मानवपूर्वजांच्या बालजीवाश्मांच्या दातांवरच्या वळ्या, म्हणजे याच रेघांच्या पृष्ठभागावर दिसणाऱ्या खुणा, मोजल्या. आजच्या मुलांचे तक्ते लावून ज्यांना पाच-सहा वर्षांचं धरलं जाई, त्यांतली बरीच मुलं तीन-साडेतीन वर्षांचीच निघाली. २००१ मध्ये डीन आणि सहकाऱ्यांनी दाखवलं, की होमो इरेक्टस या प्राचीन मानवाचे दातही आपल्यापेक्षा भराभर वाढत. केनियात सापडलेला नारिओकोटोमेचा मुलगा जवळजवळ १६० सेंटिमीटर उंच होता, तरी दातांवरून त्याचं वय आठच्या आसपास भरलं. चिंपांझीची पहिली कायमची दाढ तिसऱ्या-चौथ्या वर्षी येते, आपली सहाव्या. आजीच्या मांडीवर गोष्टी ऐकण्याइतकं लांब बालपण माणसाच्या वंशात फार उशिरा आलं, हे दातांनी सांगितलं. मला हे अजूनही थक्क करतं.

मग यात पंधरा वर्षांच्या मुलाला जड ते काय? सहाव्या वर्षीची दाढ त्याच्या स्वतःच्या तोंडात आहे. शिवाय दहावीनंतर कॉमर्सला, आर्ट्सला, आयटीआयला जाणारी मुलं जीवशास्त्र पुन्हा कधीच उघडत नाहीत. बारावीचा हवाला त्यांच्या काय कामाचा?

इंग्लंडमध्ये २०१४पासून उत्क्रांती प्राथमिक शाळेच्या सहावीतच शिकवतात, दहा-अकरा वर्षांच्या मुलांना. त्याने इथे कुणाची श्रद्धा बुडालेली मला तरी दिसली नाही. पण म्हणून इथलं सगळं डोक्यावर घ्यावं, असंही नाही. पाश्चात्त्य वैद्यकीय महाविद्यालयांतून पिढ्यान्‌पिढ्या वापरलेले सांगाडे मोठ्या प्रमाणात कोलकात्याहून गेलेले होते. ती निर्यात भारताने १९८५ मध्ये बंद केली. शरीररचनेचं इथलं ज्ञान आपल्या गरिबांच्या हाडांवरही उभं आहे, आणि ते आपल्या मुलांना शिकवणं म्हणजे परक्याचं काही उसनं घेणं नव्हे.

आपल्याकडचं कामही आहेच. शिरूर तालुक्यात घोड नदीकाठी इनामगावला डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ ताम्रपाषाणयुगीन वस्ती खणली. घरांच्या जमिनीखाली मडक्यांत पुरलेली मुलं सापडली. सुभाष वाळिंबे आणि अमेरिकेचे जॉन लुकाक्स यांनी त्या लोकांची हाडं आणि दात अभ्यासले. हे मला महाराष्ट्रात शिकताना कुणी सांगितलं नाही. रेट्झियसची रेषा आम्ही पहिल्या वर्षी तोंडी परीक्षेपुरती पाठ केली. तिच्यावरून वय काढता येतं, हे इथे आल्यावर कळलं.

राज्य मंडळाच्या २०१८च्या दहावीच्या पुस्तकात, विज्ञानाच्या दुसऱ्या भागात, 'आनुवंशिकता व उत्क्रांती' हा पहिलाच धडा आहे. नव्या अभ्यासक्रमात कात्री लागताना तो टिकलाच पाहिजे. भर घालायचीच तर इनामगावच्या दातांची घालावी. दंत महाविद्यालयांत दातांचे काप आणि सूक्ष्मदर्शक असतात. जवळच्या शाळेची दहावी वर्षातून एकदा तिथे नेली, तर ती रेघ मुलांना स्वतःच्या डोळ्यांनी पाहता येईल.