‘महागडा बोर्ड गळ्यात मारला’ या रिव्ह्यूला दुकानाचं उत्तर

नमस्कार सर,

तुमचा एक स्टारचा रिव्ह्यू वाचला. आम्ही महागडा एक्स८७०ई मदरबोर्ड तुमच्या गळ्यात मारला, मित्राच्या साध्या बी६५० बोर्डवर गेममध्ये तेवढाच एफपीएस (सेकंदाला दिसणाऱ्या फ्रेम) मिळतो, ६००० स्पीडची रॅम ४८०० वर चालते, दुसरी एसएसडी लावल्यावर ग्राफिक कार्ड निम्म्यावर आलं आणि ‘लेटेस्ट बायोस टाकूनही’ (बायोस म्हणजे बोर्डाचं स्वतःचं सॉफ्टवेअर) चालू होताना स्क्रीन बराच वेळ काळी राहते, म्हणजे बोर्ड रिपेअर केलेला असणार, असं तुम्ही लिहिलंय. हे शेवटचं नसतं तर फोनवरच बोललो असतो. पण ते इतर गिऱ्हाइकंही वाचतात, म्हणून इथेच लिहितोय.

एफपीएसचं तुमचं म्हणणं शंभर टक्के खरं आहे. काउंटरवर आम्ही तेच सांगत होतो. दोन्हीकडे रायझन ७ ९८००एक्स३डी आणि कार्डही तेच, मग नुसता बोर्ड बदलून गेम जोरात पळेल कसा? हा प्रोसेसर मूळ सेटिंगवर पूर्ण ताणला तरी १६२ वॅटपर्यंतच जातो, आणि तेवढं चांगल्या बी६५० चं व्हीआरएम (प्रोसेसरला वीज पुरवणारा भाग) आरामात पेलतं. पहिल्या कोटेशनमध्ये बी६५० च होता. नंतर कुठला तरी व्हिडिओ बघून ‘फेज (व्हीआरएमचे भाग) जास्त असलेला द्या’ हा मेसेज तुमचा आला. दोन्ही कोटेशनं व्हॉट्सअ‍ॅपवर आहेत, वर जाऊन बघा. बंगल्याला चार दरवाजे जास्त असले म्हणून आतला माणूस जोरात पळत नाही.

मग जास्तीचे पैसे कशाचे? मागच्या बाजूचे ४० जीबीपीएसचे यूएसबी४ पोर्ट, एकाऐवजी दोन चिपसेट चिप आणि त्यामुळे वाढलेले स्लॉट आणि पोर्ट, ५ गिगाबिटचं लॅन, वाय-फाय ७, बिघाड झाला तर कोड दाखवणारा छोटा डिस्प्ले. व्हिडिओ एडिटिंग सुरू करणार, बाहेरची फास्ट ड्राइव्ह लावणार असं तुम्ही म्हणाला होतात, म्हणून आम्हीही फार अडवलं नाही. नुसत्या गेमिंगसाठी कुणी विचारलं तर आजही आम्ही बी६५० किंवा बी८५० च सांगतो, आणि वाचलेले पैसे कार्डात घालायला लावतो.

आता रॅम आणि काळी स्क्रीन. दोन्हीचं मूळ एकच आहे, आणि ते तुमच्याच रिव्ह्यूत आहे: तुम्ही घरी बायोस अपडेट केलात. मशीन दिलं तेव्हा एक्स्पो (रॅम तिच्या जाहीर स्पीडला चालवणारं सेटिंग) चालू होतं, सीपीयू-झेड या सॉफ्टवेअरचा फोटोही पाठवला होता. त्यात ३००० दिसतं, ते डीडीआर (एका ठोक्याला दोनदा डेटा पाठवणारी रॅम) असल्यामुळे दुप्पट धरायचं. बायोस अपडेट झालं की सेटिंग पुसली जातात, एक्स्पो बंद होतं आणि रॅम तिच्या मूळ ४८०० वर येते. शिवाय बोर्ड रॅमचं टायमिंग नव्याने जुळवून बघतो, त्याला मेमरी ट्रेनिंग म्हणतात. एएम५ वर, म्हणजे तुमच्या प्रोसेसरच्या सॉकेटवर, त्याला काही मिनिटं लागू शकतात आणि तोवर स्क्रीन काळीच राहते. तेव्हा घाबरून पॉवरचं बटण दाबून धरू नका, पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं. चालू होताना डिलीट दाबून बायोसमध्ये जा, एक्स्पो प्रोफाइल निवडा, एफ१० दाबा आणि चहा घेऊन या. रोजच उशीर होत असेल तर मेमरी कॉन्टेक्स्ट रिस्टोअर (आधीचं ट्रेनिंग लक्षात ठेवणारं सेटिंग) बंद झालंय का तेही बघा.

एसएसडीची गोष्ट जरा सविस्तर सांगतो, कारण हा हिशेब बोर्ड घेताना फार कमी लोक करतात. या प्रोसेसरकडून वापरायला २४ लेन (डेटाचे रस्ते) मिळतात. १६ कार्डाला, ४ वरच्या एम.२ ला (एसएसडीचा स्लॉट), ४ यूएसबी४ ला. संपल्या. तुमच्या बोर्डावरचा दुसरा जेन५ (पाचव्या पिढीचा) स्लॉट मग कार्डाच्याच १६ मधून लेन घेतो आणि कार्ड एक्स८ वर, म्हणजे ८ लेनवर, येतं. मॅन्युअलच्या तक्त्यात हे छापलेलं आहे. ऑनलाइन घेतलेली एसएसडी तुम्ही नेमकी तिथेच लावलीत. ती जेन४ आहे, खालच्या चिपसेटवाल्या जेन४ स्लॉटमध्ये टाकली की कार्ड परत एक्स१६, आणि एसएसडीचंही काही बिघडत नाही. तुमच्या स्क्रीनशॉटमध्ये ‘एक्स८ १.१’ दिसतं, त्यातलं १.१ ही लेनची पिढी, म्हणजे कार्ड त्या वेळी रिकामं बसलंय, वीज वाचवतंय. जीपीयू-झेड या सॉफ्टवेअरमध्ये शेजारचं प्रश्नचिन्ह दाबून रेंडर टेस्ट चालवा, ५.० दिसेल. आणि ५.० चं एक्स८ म्हणजे ४.० चं एक्स१६, त्यामुळे तुमच्या ५०७० टीआय कार्डाला गेममध्ये फरक जाणवणं कठीण.

रिपेअरचं म्हणाल तर सीलबंद बॉक्स तुमच्यासमोर फोडला, सॉकेटच्या पिना भिंगातून तुम्हाला दाखवल्या आणि बिलावर सिरियल नंबर आहे. तो कंपनीच्या साइटवर टाकून वॉरंटी तपासा.

कॅबिनेट घेऊन या. एसएसडी हलवून, एक्स्पो लावून देतो, त्याचे पैसे नाहीत. बोर्ड बदलून बी६५० हवा असेल तर वापरलेल्या मालाच्या भावाने घ्यावा लागेल, त्यात नुकसान तुमचंच, म्हणून मी तरी सुचवणार नाही. तरीही बदलायचाच असेल तर सॉकेटवरचं काळं प्लास्टिकचं झाकण आठवणीने आणा, त्याशिवाय बोर्ड परत घेता येत नाही. सोमवारी दुकान बंद असतं.