तूप शुद्ध, घी अशुद्ध? उलटं आहे हो सगळं

आमच्या कोथरूडच्या सोसायटीच्या ग्रुपवर तो फॉरवर्ड परत आला, आठवड्यात तिसऱ्यांदा. "घी नाही तूप म्हणा, आलू नाही बटाटा, तनख्वाह नाही पगार, चाबी नाही चावी, प्याज नाही कांदा. मराठी शब्द थेट संस्कृतातून आलेत, ते हिंदी शब्द बाहेरचे. पेशव्यांच्या पुण्यात शुद्ध बोला." खाली अंगठ्यांची रांग. मराठी बोला हे शंभर टक्के मान्य, पण ते "थेट संस्कृतातून" आहे ना, तिथेच घोळ आहे.

आधी तूप घ्या. संस्कृतात घृत, प्राकृतात त्याचं झालं घिअ आणि पुढे घी. म्हणजे ज्याला बाहेरचा म्हणून हाकललं तोच संस्कृतचा सख्खा नातू निघाला. तूप म्हणाल तर कानडीत आजही तुप्प म्हणतात, घृतशी त्याचा काही संबंध नाही.

बटाट्याचा तर कहरच. आलु हा कंदासाठी संस्कृतात शब्द आहेच. बटाटा हे नाव आपल्याला पोर्तुगीजांकडून मिळालं, आणि त्यांनाही ते कॅरिबियन बेटांवरच्या ताइनो भाषेतून आलेलं, तिकडे बटाटा म्हणजे आपलं रताळं! (विषय निघालाच आहे तर एकादशीचं ताट बघा, बटाटा, रताळं, शेंगदाणे, हिरवी मिरची, आणि साबुदाणा ज्या कंदापासून बनतो तो कंदसुद्धा, सगळं मूळचं अमेरिकेतलं. त्याआधी आपल्या खापरपणज्या उपासाला काय खायच्या देव जाणे.)

पगारही पोर्तुगीज, त्यांच्यात पगार म्हणजे पैसे चुकते करणं. तनख्वाह फारसी. म्हणजे दोन पाहुण्यांपैकी एकाला घरचा ठरवला आणि दुसऱ्याला दार दाखवलं. संस्कृतच हवं तर वेतन आहे की, पण एक तारखेला "वेतन झालं का रे" असं कोणी विचारल्याचं ऐकलंय?

चाबी आणि चावी तर एकाच पोर्तुगीज शब्दाची पोरं, त्यात शुद्ध-अशुद्ध काय डोंबल. कांदा मात्र बरोबर आहे, कन्दपासूनच आलाय आणि प्याज फारसी. पाचात एक.

मग एकाने लिहिलं की शिवाजी महाराजांनी राज्यव्यवहारकोश करून घेतला त्याचं काय. खरंय, पण तो कोश दरबारातल्या फारसी शब्दांना संस्कृत पर्याय द्यायला होता, बटाटा-पगारासाठी नाही. आणि पेशवा हा शब्दच फारसी, पहिल्या बाजीरावाच्या शिक्क्यावर "मुख्य प्रधान" होतं तरी लोक पेशवेच म्हणत राहिले, आपणही म्हणतो, फॉरवर्डवालेही म्हणतात.

शेवटी दुसऱ्या मजल्यावरच्या काकांनी विचारलं, "मग आता घी म्हणायचं का?" अहो काका, तूपच म्हणा, वरणभातावर तूपच पडतं आपल्याकडे. फॉरवर्डमधलं ते संस्कृतवालं वाक्य तेवढं काढा.