वीस किलोमीटरवरच्या पवनचक्क्या दिसत नाहीत? चांगल्या दिसतात!

समुद्रातल्या पवनऊर्जेचा विषय निघाला की एक मजकूर हमखास फॉरवर्ड होतो. तो म्हणतो: पवनचक्क्या २० किलोमीटर आत नेल्या की पृथ्वीच्या गोलाईमुळे क्षितिजाखाली जातात. फोटोतही ठिपक्याएवढ्याच दिसतात. सौंदर्य ज्याच्या-त्याच्या नजरेत असतं, तेव्हा ‘दृश्य परिणामाचा अभ्यास’ (प्रकल्पामुळे समोरचं दृश्य किती बदलेल, याची तपासणी) हे किनाऱ्यावरच्या बंगलेवाल्यांचे चोचले. आणि पर्यटन तर उलट वाढतं. मी या पवनचक्क्यांच्या बाजूचाच आहे. पण बाजू खरी असताना खोटी साक्ष कशाला?

आधी गोलाई. वाळूत उभ्या माणसाला क्षितिज साडेचार किलोमीटरवर दिसतं, हे खरं. पण त्यापलीकडची वस्तू लगेच बुडत नाही. इंग्लंडमधल्या ब्रायटनसमोरच्या रॅम्पियन प्रकल्पातली टर्बाइन, म्हणजे पवनचक्क्या, पात्याच्या टोकापर्यंत १४० मीटर उंच आहेत. तसं एक २० किलोमीटरवर ठेवा आणि गणित करा: खालचे जेमतेम १९ मीटर झाकले जातात. शंभर मीटरच्या कड्यावरून पाहिलं तर काहीच नाही. अमेरिकेच्या आरगॉन राष्ट्रीय प्रयोगशाळेच्या संशोधकांनी ब्रिटनच्या किनाऱ्यावर जाऊन प्रत्यक्ष निरीक्षणं केली. त्यांना ४० किलोमीटरच्या आसपासही टर्बाइन नुसत्या डोळ्यांनी दिसली, आणि १६ किलोमीटरपर्यंत तर नजर आपसूक तिकडेच जात होती. विमानांना इशारा म्हणून टर्बाइनवर रात्री लागणाऱ्या लाल दिव्यांबद्दल फॉरवर्ड गप्पच आहे. विमान जवळ आल्यावरच दिवे लावणारी रडार यंत्रणा निघाली, ती उगाच नाही.

फोटोचं तर विचारूच नका. तेच २० किलोमीटरवरचं टर्बाइन मोबाइलच्या नेहमीच्या लेन्सने टिपलं, तर आडव्या धरलेल्या स्क्रीनवर पाऊण मिलिमीटरही भरत नाही. प्रत्यक्षात हात लांब करून बोटाच्या पेराशी ताडून बघा, तीन-साडेतीन मिलिमीटर भरेल. शिवाय पाती फिरत असतात, ते फिरणं फोटोत कसं दिसणार? विरोधकही काही कमी नाहीत. ते झूम लावून टर्बाइन घरांच्या डोक्यावर आणून ठेवतात. म्हणूनच पवनचक्क्यांची चित्रं कशी दाखवावीत याच्या स्कॉटलंडमधल्या मार्गदर्शक सूचनांनी ५० मिमी लेन्स, फुल-फ्रेम (३५ मिमी फिल्मएवढ्या सेन्सरचा) कॅमेरा, मोठ्या आकाराची छपाई आणि बघण्याचं अंतर, सगळं बांधून दिलं आहे.

चोचल्यांच्या आरोपात मात्र थोडं तथ्य आहे. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्समधल्या १३० टर्बाइनच्या केप विंडला केनेडी घराण्यासारख्या बड्या मंडळींनी विरोध केला, आणि २००१ मध्ये मांडलेला तो प्रकल्प २०१७ मध्ये गुंडाळला गेला. पण त्यावरून अभ्यासच निकाली काढता येत नाही. अभ्यासकर्ता ‘सुंदर की कुरूप’ हे विचारत बसत नाही. तो दोन गोष्टी वेगळ्या तपासतो: ती जागा आणि तिथून बघणारे लोक बदलाला किती संवेदनशील आहेत, आणि बदल किती मोठा आहे. क्षितिजाचा किती भाग व्यापला जातो, समोरचं बेट किंवा कडा झाकोळतो का, टर्बाइनच्या रांगा एकमेकींत गुंततात का, असे ते प्रश्न.

याचा परिणाम एकाच इंग्लिश खाडीत बघायला मिळतो. रॅम्पियनला २०१४ मध्ये परवानगी मिळाली. ११६ टर्बाइन उभी राहिली, किनाऱ्यापासून सर्वात जवळचं अंतर १३ किलोमीटर. पश्चिमेकडे डॉर्सेट परगण्यासमोरचा नॅव्हिटस बे प्रकल्प जवळपास तितक्याच अंतरावर होता, पण त्यात १९४ पर्यंत टर्बाइन होती आणि समोर ज्युरासिक कोस्ट हा जागतिक वारसा असलेला किनारा. २०१५ मध्ये सरकारने तो नाकारला. अंतर सारखं, निकाल उलटे. नुसतं ‘२० किलोमीटर’ म्हणून भागत नाही ते यामुळेच.

अभ्यास म्हणजे नकारच, असंही नाही. डेन्मार्कच्या कोपनहेगनसमोर, अगदी साडेतीन किलोमीटरवर, मिडलग्रुंडेन प्रकल्पात तीन रांगांत २७ टर्बाइन लावायची होती. लोकांच्या हरकती ऐकून आराखडा बदलला, आणि २००० मध्ये २० टर्बाइन एका कमानीत उभी राहिली. ती लपलेली नाहीत, लपवायचा प्रयत्नही नाही. मला हा मार्ग सर्वात प्रामाणिक वाटतो.

राहता राहिलं पर्यटन. अमेरिकेतल्या ऱ्होड आयलंड राज्याच्या ब्लॉक आयलंड बेटासमोर २०१६ मध्ये टर्बाइन आली आणि पुढच्या उन्हाळ्यात एअरबीएनबी या घरं भाड्याने देणाऱ्या संकेतस्थळावरची बुकिंगं वाढली, हे खरं. पण तिथे टर्बाइन फक्त पाच आहेत. शिवाय बुकिंग वाढलं म्हणजे दृश्य बदललं नाही, हे कुठलं तर्कशास्त्र?